पेढी, अफू आणि पोखरण रोड

(जुन्या मुंबई-ठाण्याच्या व्यापारउदिमाविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या सदरात उत्तरं दिली जातात. उत्तरं देणारे आमचे स्तंभलेखक कापड गिरणीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले असून ठाण्यात राहतात.)

प्रश्न : काका, स. न. वि. वि. माझे सासरे पोखरण रोडच्या लोकरीच्या गिरणीत कामाला होते. आता तिथे टॉवर उभे राहताहेत. परवा सोसायटीच्या बैठकीत एक जण म्हणाले, ही गिरणी मुळात ज्यू लोकांची. मग टेंभी नाक्याजवळचं सिनेगॉगही त्याच मालकांनी बांधलं का? (एक वाचक, वर्तकनगर)

उत्तर : ताई, गिरणीचं ऐकलंत ते बरोबर आहे. सिनेगॉगचं तसं नाही.

खाडीकाठच्या या भागात आधी वाडियांची एक लहान लोकर गिरणी होती. १९२५च्या सुमारास ती मुंबईच्या ई. डी. ससून कंपनीकडे गेली. कंपनीत रेमंड आडनावाचे संचालक होते, त्यांचं नाव गिरणीला मिळालं. १९४४ मध्ये कानपूरच्या सिंघानियांनी ती विकत घेतली. तुमच्या सासऱ्यांच्या पगारपत्रकावर जे नाव छापलेलं असायचं ते असं बगदादहून आलेल्या ज्यूंच्या एका पेढीतून आलेलं. ससून म्हटलं की लोकांना पुणं आठवतं, कुलाब्याची गोदी आठवते, पण वीसेक वर्षं ते आपल्या ठाण्यातले गिरणीमालक होते.

सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, मात्र ठाण्याच्या बेने इस्रायली ज्यूंचं आहे. शआर हशामाईम, म्हणजे स्वर्गद्वार, १८७९ सालचं. ही माणसं कोकणातली. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि वाचलेले लोक तिथेच राहिले, असं ते परंपरेनं सांगतात. गावोगावी तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणकर, दिवेकर, राजपूरकर, किहीमकर, चेऊलकर ही त्यांची आडनावं. घरात मराठी, अंगावर नऊवारी, नवस फेडताना मलिद्याचं ताट. इंग्रजी अमलात ते पलटणीत गेले, कचेऱ्यांत कारकून झाले. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली आणि पुढे रेल्वेच्या नोकऱ्यांमुळे त्यांची ठाण्यात चांगली वस्ती झाली.

बगदादहून आलेले ससून आणि कोकणातले हे यहुदी एकाच देवाची प्रार्थना करत, पण पंगत एक नव्हती. डेव्हिड ससून १८३२ मध्ये मुंबईत आला. १८३६ मध्ये त्याने आणि आणखी काही बगदादी मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की ज्यूंच्या दफनभूमीत आमच्या आणि बेने इस्रायलींच्या कबरींमध्ये भिंत घालावी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलं होतं, तेव्हा डेव्हिड ससून चार वर्षांचं पोर होता, तेही बगदादेत. ज्यांनी या शहरात आधी देवघर उभारलं त्यांच्याच मढ्यांपासून वेगळं राहण्यासाठी नव्याने आलेल्यांनी भिंत मागावी, हे मला फार लागतं. जातीची उतरंड या मातीतच शिकले की सोबत घेऊन आले, यावर अभ्यासकांनी वाद घालावा. अर्ज झाला होता एवढं खरं.

प्रश्न : आजोबा, मी बारावी कॉमर्सला आहे. प्रकल्पासाठी डेव्हिड ससून हा विषय घेतलाय. सगळीकडे "बगदादहून आला आणि मोठा व्यापारी झाला" एवढंच मिळतं. तो दिवसभर नेमकं करायचा काय? (एक विद्यार्थिनी, घंटाळी)

उत्तर : बाळ, प्रश्न अगदी योग्य जागी विचारलास. "मोठा व्यापारी झाला" या वाक्यातून हिशेब तपासनिसाला काहीच कळत नाही. माल कुठून घेतला, पैसा कोणाचा, जोखीम कोणाची, हे विचारायचं.

डेव्हिडचे वडील बगदादच्या पाशांचे खजिनदार होते. दाऊद पाशाच्या काळात ज्यूंवर जुलूम वाढला, तेव्हा बाप-लेकांना रातोरात शहर सोडावं लागलं. आधी इराणच्या आखातावरचं बुशेहर बंदर, मग मुंबई. वय चाळीसच्या आसपास, पदरी मुलंबाळं. फोर्टातल्या टॅमरिंड लेनमध्ये त्याने पेढी थाटली. अरबी, तुर्की, फारसी, हिब्रू येत होतं, हिंदुस्तानी शिकला. इंग्रजी मात्र शेवटपर्यंत आलं नाही. १८५३ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व मिळालं तेव्हा सही हिब्रू अक्षरांत केली. झगा आणि पागोटं त्याने कधी सोडलं नाही.

सुरुवातीचा धंदा दलाली-आडतीचा. मँचेस्टरचं कापड मुंबईत उतरे, ते आखाताकडे पाठवायचं आणि तिकडून घोडे, मोती, कातडी, रेशीम आणायचं. यात नवं काही नव्हतं, गुजराती, पारशी, अरब सगळेच ते करत होते. ससूनचं वेगळेपण तीन ठिकाणी दिसतं आणि तुझ्या प्रकल्पाचा गाभा तोच ठेव.

एक म्हणजे मुलगे. त्याला आठ मुलगे होते. मुलगा वयात आला की त्याला एखाद्या बंदरी पाठवायचं, काही वर्षांनी दुसरीकडे हलवायचं. पहिल्या अफू युद्धानंतर १८४२च्या तहाने चीनची पाच बंदरं खुली झाली आणि दोनच वर्षांत, १८४४ मध्ये, त्याचा मुलगा एलियास कँटनला होता. पुढे हाँगकाँग, शांघाय. १८५८ मध्ये दुसरा मुलगा लंडनला. मुंबईची पेढी, चीनचा ग्राहक, लंडनची बँक, तिन्हीकडे घरचाच माणूस. परक्या आडत्याने भाव लपवला तर कळायला सहा महिने लागत. भाऊ भावाला लिहिणार, तोही हिब्रू लिपीत अरबी भाषा. वाटेत पत्र कोणी फोडलं तरी वाचणार कोण?

दुसरं म्हणजे उचल. हे नीट समजून घे. माळव्यात, म्हणजे इंदूर, उज्जैन, रतलाम, मंदसौरकडे, अफूचं पीक होई. हा मुलूख संस्थानिकांचा, म्हणून बंगालसारखी कंपनी सरकारची मक्तेदारी इथे नव्हती. शेतकऱ्याला सावकाराने पैसा द्यायचा, सावकाराला मोठ्या व्यापाऱ्याने, आणि त्या व्यापाऱ्याला मुंबईच्या पेढीने. बाकीच्या पेढ्या तयार माल हातात आल्यावर पैसे मोजत. ससून पीक उभं असतानाच, किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत रक्कम आगाऊ द्यायला तयार झाले. व्यापाऱ्याला भांडवल मोकळं मिळालं, त्यामुळे माल ससूनकडेच. १८७०च्या दशकात तर हिंदुस्थानातल्या अफूच्या साठ्याचा मोठा हिस्सा त्यांच्या हाती असल्याचं बाजारात सगळ्यांना माहीत होतं. त्याआधी सर जमशेटजी जीजीभॉय आणि इतर पारशी पेढ्यांचा या धंद्यात दबदबा होता. त्यांच्याकडून तो सरकला तो जहाजांच्या जोरावर नव्हे, उचलीच्या जोरावर.

तिसरं, सट्ट्यापासून लांब राहणं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी त्या पैशावर समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे शेअर घेतले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. ससूननी कापसात कमावलं, पण शेअरच्या त्या वेडात फारसे पडले नाहीत, म्हणून टिकले. डेव्हिड स्वतः ते बघायला नव्हता. नोव्हेंबर १८६४ मध्ये पुण्यात वारला. कॅम्पातल्या लाल देवळाच्या, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगच्या, आवारात त्याची कबर आहे.

त्याच्यामागे एलियासने भावांशी फारकत घेऊन १८६७ मध्ये वेगळी ई. डी. ससून कंपनी काढली. पोखरण रोडवर आली ती हीच शाखा. थोरला अब्दुल्ला, जो पुढे आल्बर्ट झाला, त्याने १८७५ मध्ये ससून डॉक बांधला. तोवर व्यापाराची चालच पालटली होती. १८६९ मध्ये सुएझ कालवा आला, पाठोपाठ समुद्राखालून तार आली. भाऊ शांघायहून जी बातमी देई ती आता तारेने कोणालाही मिळू लागली. बातमीवरचा नफा गेला, म्हणून ते गिरण्यांकडे वळले, असं मी मानतो. परळ-लालबागच्या गिरण्यांत त्यांचा पैसा उतरला. जेकब ससून मिल ही नंतरची इंडिया युनायटेड नंबर १.

एक गोष्ट प्रकल्पात जरूर घाल. पेढी शनिवारी बंद असे. कारकून बरेचसे बगदादहून आणलेले, त्यांच्या मुलांसाठी शाळा, आजारपणाला औषधपाणी, प्रार्थनेला भायखळ्याचं मागेन डेव्हिड, हे सगळं पेढीच पाहायची. माणूस पेढीवर शिकला की हाँगकाँगला जायचा, आणि कधी स्वतःची पेढी काढायचा. एली कदूरी असाच ससूनच्या नोकरीत उमेदवारी करून मोठा झाला. पुढे माझगावच्या बेने इस्रायली शाळेला त्याने मदत केली आणि शाळेला त्याचं नाव लागलं. बगदादी कारकुनाचा पैसा कोकणी यहुद्यांच्या पोरांपर्यंत पोचला, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

प्रश्न : माझ्या वडिलांवर पुण्याच्या ससून रुग्णालयात उपचार झाले. आमची ऐपत नव्हती, ते वाचले ते त्या रुग्णालयामुळे. अशा दात्याची अफू उकरून काढून काय साधतं? त्या काळी तो कायदेशीर धंदा होता. सरकारच करत होतं. (एक वाचक, वाशी)

उत्तर : तुमच्या वडिलांचे प्राण वाचले, त्याची किंमत कोणत्याही वादात कमी होत नाही. तुमची कृतज्ञता जशी आहे तशीच राहू द्या. पण कायदेशीरपणाचं म्हणाल तर तारखा पाहू.

हिंदुस्थानात हा धंदा कायदेशीर होता, खरं आहे. माळव्याची अफू मुंबईहून परदेशी न्यायची तर पेटीमागे सरकारी पास काढावा लागे. १८३०च्या दशकात हा कर सव्वाशे रुपयांच्या घरात होता, सिंध इंग्रजांकडे गेल्यावर कराचीची आडवाट बंद झाली आणि तो चढत चढत १८६०च्या सुमारास सहाशे-सातशेवर गेला. सरकारच्या उत्पन्नात जमीन महसुलाखालोखाल जी मोठी कलमं होती त्यात अफू होती.

चीनमध्ये मात्र ती बंद होती. १८३९ मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्याने कँटनजवळ वीस हजारांहून जास्त पेट्या जप्त करून चुन्याच्या खड्ड्यांत नष्ट केल्या. पेटी साधारण साठ किलोची धरा, म्हणजे बाराशे टन. त्यावरून युद्ध झालं. १८४२च्या तहातसुद्धा अफूला परवानगी नव्हती, ती दुसऱ्या युद्धाच्या दडपणाखाली १८५८ मध्ये मिळवली. डेव्हिड ससून मुंबईत आला १८३२ मध्ये. म्हणजे त्याच्या धंद्याची बहुतेक सगळी वर्षं, जिथे माल उतरायचा तिथे तो चोरटा माल होता. हे त्याला ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही, मुलगाच तिथे बसलेला.

माझं आयुष्य कीर्द-खतावणीत गेलं. या पेढीविषयी मला सर्वांत जास्त विचार करायला लावते ती एक साधी नोंद. त्यांच्या हिशेबात प्रत्येक व्यवहारावर ठरावीक अंश धर्मादायासाठी बाजूला काढला जाई. आपल्याकडच्या पेढ्यांतही धर्मादाय खातं असायचं, त्यामुळे पद्धत ओळखीची वाटते. कापसाच्या गासडीवर अंश, कापडाच्या गठ्ठ्यावर अंश, अफूच्या पेटीवरही अंश. धंदा आधी केला आणि म्हातारपणी पस्तावून दान दिलं, असं या घरात घडलेलं नाही. दोन्ही त्याच दिवशी, त्याच पानावर, त्याच कारकुनाच्या अक्षरात. पुण्याचं रुग्णालय, पंगूंचा निवारा, काळा घोड्याचं वाचनालय हे सगळं त्या अंशातून आणि वरच्या मोठ्या देणग्यांतून उभं राहिलं.

तुम्ही म्हणता पान उलटा. मी म्हणतो पूर्ण वाचा. कँटनमधल्या ज्या माणसाने घर विकून चिलीम भरली त्याचं नाव कोणत्याच भिंतीवर नाही, आणि माळव्यातल्या ज्या शेतकऱ्याने उचलीच्या बोजाखाली गव्हाऐवजी खसखस पेरली त्याचंही नाही. तुमच्या वडिलांच्या खाटेचा खर्च त्या दोघांनीही दिलेला आहे. ससूनबद्दल कृतज्ञता वाटते तशीच त्यांच्याबद्दलही वाटावी, इतकंच माझं मागणं आहे.

ठाणेकरांनी तर हे लांबचं समजूच नये. माळव्यातून मुंबईकडे येणारा आग्रा रस्ता कसाऱ्याचा घाट उतरून आपल्या माजिवड्याला येतो. चीनशी होणारी ही निर्यात १९०७च्या करारानंतर टप्प्याटप्प्याने कमी होत १९१३ मध्ये थांबली. ई. डी. ससून ठाण्यात लोकर विणायला आले ते त्यानंतर बारा वर्षांनी.

प्रश्न : कोकणातले बेने इस्रायली ज्यू असूनही व्यापारात का दिसत नाहीत? (एक वाचक, कोपरी)

उत्तर : ज्यू म्हणजे व्यापारी, ही समजूत बाहेरून आलेली आहे. आपल्या रायगडच्या खेड्यांतला यहुदी घाणा, शेती आणि सुतारकाम करत होता. व्यापाराला दूरच्या बंदरात नातलग लागतात, त्याचे नातलग पेण आणि पनवेलमध्ये. पनवेलचं सिनेगॉग १८४९चं आहे, म्हणजे वस्ती जुनी आणि भरलेली होती. पलटण आणि कचेरी यांनी त्याला पगार दिला, पेन्शन दिली, ती त्याला पुरेशी वाटली. समाजाने डॉक्टर, शिक्षक, वकील भरपूर दिले. १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर याच समाजातले.

प्रश्न : ऐरोलीहून एका दिवसात यातलं काय काय पाहून होईल? मुलांना न्यायचं आहे. (एक पालक, ऐरोली)

उत्तर : पहाटे उठायची तयारी असेल तर ससून डॉकपासून सुरुवात करा. मासळीचा लिलाव उजाडतानाच असतो, कोळणींच्या वाटेत मात्र उभं राहू नका. तिथून काळा घोडा. डेव्हिड ससून वाचनालयाच्या दारातच त्याचा संगमरवरी पुतळा आहे, झगा-पागोट्यासकट. जवळच केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, १८८४चं. मग भायखळा : मागेन डेव्हिड आणि त्याच परिसरात मसिना रुग्णालय, जे ससूनचं राहतं घर होतं. प्रार्थनास्थळांत आत जायचं तर ओळखपत्र लागतं आणि शनिवारी जाऊ नये. परतताना मशीद बंदरला उतरून सॅम्युएल स्ट्रीटवर दिवेकरांनी स्थापलेलं सिनेगॉग पाहा. मुलं दमली असतील तर बाकी सगळं सोडा, हे सोडू नका.

प्रश्न : आमचे पणजोबा मुंबईच्या एका पेढीवर मेहता होते. जुन्या ट्रंकेत एक कागद सापडला. वर इंग्रजीत जहाजाचं नाव, खाली उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरं. मशिदीतल्या मौलवींना दाखवला, त्यांना वाचता आला नाही. घडीवर फाटतोय, म्हणून लॅमिनेट करायला टाकणार आहे. (एक वाचक, कळवा)

उत्तर : कृपा करून टाकू नका! लॅमिनेशनच्या उष्णतेने आणि चिकट प्लास्टिकने जुना कागद कायमचा बिघडतो, पुन्हा सोडवता येत नाही. सेलोटेपही लावू नका. घडी हलक्या हाताने उघडा, दोन कोऱ्या, पांढऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवा, वर पुठ्ठा, आणि कपाटाच्या कोरड्या खणात ठेवा. दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅश न वापरता.

मौलवींना वाचता आलं नाही याचं कारण वर आलंच आहे. अक्षरं हिब्रू असतील आणि भाषा बगदादी अरबी. टेंभी नाक्याच्या सिनेगॉगमधल्या जाणकारांना विचारलंत तर अक्षरं कळतील, भाषा कदाचित कळणार नाही. दोन्ही येणारी माणसं आता थोडी आहेत. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, काळा घोड्याच्या डेव्हिड ससून वाचनालयाच्या शेजारीच. तिथे फोटो दाखवा. ससून कंपनीच्या कागदांचा मोठा संग्रह जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, त्यांनाही पाठवता येईल.

आणि मला एक कळवा. इंग्रजी ओळीच्या खाली आकड्यांचे रकाने असतील. शेवटच्या बेरजेच्या वर एखादी बारीक रक्कम वेगळी लिहिलेली दिसते का ते पाहा. दिसली तर तिचा फोटो जवळून काढून पाठवा.